मागच्या भिंतीतली मडकी

मी, सुनीती जयप्रकाश आंबर्डेकर, वय ४६ वर्षे, व्यवसाय इमारतींची मजबुती तपासणारी अभियंता, राहणार करंजाडे, तालुका पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीर बरेचसे शाबूत आहे. गर्भाशयातल्या गाठींसाठी मंगळवार, २५ फेब्रुवारी रोजी माझी शस्त्रक्रिया ठरली आहे. ती साधी आहे असे डॉक्टर म्हणतात. मीही वीस वर्षे लोकांना ‘साधी दुरुस्ती आहे’ असेच सांगत आले, त्यामुळे त्या शब्दावर मी किती विसंबते ते सांगायला नको.

हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. असे लिहून मी थांबले, कारण ते पूर्ण खरे नाही. एका भिंतीचा दबाव आहे. त्याबद्दल कलम पाचपासून पुढे लिहिले आहे.

मृत्युपत्र करते आहे हे मी धाकट्या भावाला, आशुतोषला, फोनवर सांगितले. तो म्हणाला, “ताई, ऑपरेशनला चाललीयस की लढाईला?” मी म्हणाले, कागद नीट असले की मला झोप लागते. “तुला कागद नीट असले तरी झोप लागत नाही,” तो म्हणाला. हे खरे आहे. तरीही या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी त्यालाच नेमते. त्याच्या थट्टेमागे हिशेबी माणूस आहे हे मला माहीत आहे.

कलम १. करंजाड्यातली माझी सदनिका आशुतोष आणि त्याची मुलगी जाई यांना समान हिश्श्याने मिळावी. पश्चिमेच्या खिडकीची कडी अडकते. तिला ठोकू नये. थोडी वर उचलून मग ढकलावी. न्हाणीघराच्या छताला ओल दिसेल. ती वरच्या मजल्यावरून येत नाही, आमच्याच पाइपाची आहे. याविषयी मी वरच्या कुटुंबाला दोन वर्षे दोष दिला आणि मग गप्प बसले. आशुतोषने त्यांना माझ्या वतीने सांगावे.

कलम २. बँकेतल्या ठेवी जाईच्या शिक्षणासाठी. आईची मोहनमाळ आशुतोषच्या पत्नीला, उत्कर्षाला. आई गेली त्या आठवड्यात तिने ती मागितली होती आणि मी ‘बघू’ म्हणाले होते. अकरा वर्षे मी बघत राहिले. तिने वेळ चुकीची निवडली हे खरे, पण पुढची अकरा वर्षे मी निवडली.

कलम ३. आमच्या सोसायटीच्या सचिवांना मी काहीही देत नाही. जिन्यातल्या माझ्या तीन कुंड्या त्यांनी अग्निशमनाच्या नियमाखाली हलवल्या आणि त्याच जागी स्वतःची सायकल ठेवली. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, “मॅडम, सायकल काय पेट घेते का?” एवढ्यासाठी माणसाचे नाव मृत्युपत्रात घालावे का, यावर मी एक संध्याकाळ घालवली. नाव घातलेले नाही. सायकल मात्र हलवावी.

कलम ४. कपाटात माझ्या सत्तावीस रोजनिशा आहेत. त्या जाईला द्याव्यात. ती वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला फोन करून विचारते, “आत्या, बीम किती जाड ठेवू?” रोजनिशा जाळू नयेत, छापूही नयेत. तिने सर्वात आधी २०२१ सालची वाचावी, नोव्हेंबर महिन्यापासून. माझी हातोडी, भिंगाची काच आणि मोजपट्ट्याही तिलाच. हातोडीबद्दल एक अट आहे, ती कलम सहामध्ये सापडेल.

कलम ५. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या सुती साडीत गुंडाळलेले मातीचे एक मडके आहे. ते माझ्या मालकीचे नाही. ते कोणाचे हे सांगण्यासाठी मला एका इमारतीबद्दल लिहावे लागेल. मृत्युपत्रात इतके लिहीत नाहीत असे माझे वकीलमित्र तेजस म्हणतात. त्यांनी हे कलम वाचू नये.

तुर्भ्याकडून खाडीच्या अंगाला गेले की एक नाट्यगृह लागते. पाटीवर ‘नगर नाट्यमंदिर’ असे आहे, पण त्याला तसे कोणीही म्हणत नाही. सगळे म्हणतात ‘मिठागर’, कारण ते मिठागरांवर भराव टाकून उभे केले आहे. १९८१ साली पायाचे खांब गाडायला सुरुवात झाली. चिखल इतका खोल होता की अठरा मीटरवर कठीण थर लागला. तोवर गावकरी काठावर बसून पैजा लावत. शहर तेव्हा अर्धे कागदावर होते. लोक चौकाचौकांना आकड्यांनी ओळखत आणि घरी जाताना चुकत. अशा जागी कोणाला तरी आधी नाट्यगृह बांधावेसे वाटले याचे मला अजून आश्चर्य वाटते.

इमारत नऊ पायऱ्या चढून आहे, उधाणाचे पाणी आत येऊ नये म्हणून. पश्चिमेला सिमेंटच्या उभ्या तिरक्या पट्ट्या आहेत. त्यांतून खाडीचा वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहते. दर्शनी दालनाच्या फरशीवर करड्या-पांढऱ्या चौकटी आहेत, मधून पितळेच्या बारीक रेघा. लहान असताना मला तो बुद्धिबळाचा पट वाटे. ते मिठागराचे वाफे आहेत हे मला, ज्यांच्याबद्दल पुढे येईल त्या पंढरीकाकांनी सांगितले, आणि तेही या वर्षी. आत आठशे बेचाळीस खुर्च्या, सागवानी रंगमंच, आणि खाली एकही खांब नसलेली बाल्कनी. त्या बाल्कनीखाली उभी राहून मी एक अभियंता म्हणून नेहमी टोपी काढते. टोपी घालत नाही, तरी.

वास्तुरचनाकार कोण ते मी पुष्कळ शोधले. नकाशांवर नुसती आद्याक्षरे आहेत. भिंती कोणी बांधल्या ते मात्र मला माहीत आहे. पावणे गावचे मारोती मढवी, गवंडी. त्यांच्या हाताखाली त्यांचा मुलगा पंढरी, तेव्हा वय बावीस-तेवीस.

१९८४ साली नाट्यगृह तयार झाले आणि एक दोष निघाला. रंगमंचावर बोललेला शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत येई. म्हणजे नट ‘थांब’ म्हणाला की क्षणभराने भिंतही म्हणे ‘थांब’. विनोदी नाटकात ते चालले असते. आवाज शोषणारे तक्ते बाहेरून मागवायचे तर उद्घाटन एक वर्ष पुढे जात होते. तेव्हा मारोती मढवी म्हणाले की त्यांच्या आजाने एका देवळाच्या गाभाऱ्यात भिंतीत मडकी बसवली होती, भटजींचा आवाज घुमू नये म्हणून. बांधकामावरच्या अभियंत्यांना ते पटले की नाही कोणास ठाऊक, पण दुसरा उपाय नव्हता. पनवेलच्या कुंभारांकडून दोनशे सोळा मडकी आणली. मागची भिंत विटांची, सांगाड्याच्या खांबांमध्ये भरलेली. छताचा भार तिच्यावर नाही. तिच्यातल्या विटा काढून मडकी आडवी बसवली, तोंड प्रेक्षागृहाकडे. मारोती प्रत्येक मडके कानाला लावून बोटाने टिचकी मारत आणि त्याप्रमाणे आत राख घालत, कोणात मूठभर, कोणात दोन मुठी. मिठागरावर वाढलेला कोणी मजूर म्हणाला की राखेऐवजी मीठ घालू, फुकट आहे. मारोती म्हणाले, “मीठ भित खातंय. राख आवाज खाते.”

भिंत बोलायची थांबली.

मी सहावीत असताना, १९९० साली, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या रंगमंचावर चार वाक्ये बोलले. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. बाबा, म्हणजे जयप्रकाश आंबर्डेकर, तुर्भ्याच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट आले होते, उशिरा, म्हणून शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. घरी जाताना म्हणाले, “तू माझ्या कानाशी बसून बोललीस.” ते वाक्य मी त्यांचे कौतुक म्हणून तीस वर्षे जपले. ते निम्मे मारोती मढवींचे होते.

२००३ साली रंगरंगोटी झाली तेव्हा कोणाला तरी भिंतीतली ती तोंडे ओंगळ वाटली. त्यांवर जाळी ठोकून पातळ गिलावा केला आणि वर फिकट पिवळा रंग दिला. त्यानंतर मिठागरात आवाज थोडा घुमतो अशी कुरकुर लोक करू लागले. ती कशामुळे हे कोणी विचारले नाही. मडकी कुठल्याच नकाशावर नव्हती.

कलम ६. आता माझे काम.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, लॉकडाऊननंतर नाटके पुन्हा सुरू करण्याआधी, नाट्यगृहाच्या न्यासाने इमारतीची तपासणी करायला आमच्या संस्थेला सांगितले. तपासणी मी केली. भिंतीवर हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकायचा ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत. भरीव भिंत टणटणीत बोलते, गिलावा सुटलेली भिंत बद्द बोलते. मागच्या भिंतीवर मी बासष्ट ठिकाणी ठोकले. एकोणचाळीस ठिकाणी आवाज बद्द आला. अशा वेळी एखाद्या ठिकाणी भोक पाडून आत बघायचे असते. भोक पाडायला न्यासाची लेखी परवानगी लागणार होती, तिला आठवडा लागला असता, आणि भाड्याने आणलेली शिडी दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. मी भोक पाडले नाही. अहवालात लिहिले: ‘मागील भिंत मोठ्या भागात पोकळ, बांधकाम निकृष्ट, धोकादायक.’

ते लिहिण्याच्या आदल्या दिवसाची माझी रोजनिशी अशी आहे, अक्षर न बदलता:

‘२३ नोव्हेंबर. राखणदाराला भिंतीबद्दल काही सांगायचे होते. मडकी वगैरे. जेवायची वेळ झाली होती. शिडी उद्या द्यायची आहे.’

राखणदार म्हणजे पंढरीकाका. गवंडीकाम सुटल्यावर ते तिथेच राखणीला लागले होते. मी ‘मडकी वगैरे’ लिहिले असले तरी ते काय म्हणाले हे मला चांगले आठवते. “म्याडम, ती भित पोकल न्हाय. आत मडकी हायत. माज्या बापानं बसवलीत.” मी ऐकले होते. मला ऐकू आले नाही असे म्हणायची सोय नाही. प्रत्येक इमारतीचा राखणदार आपली इमारत चांगली आहे असेच सांगतो, म्हणून मी ते सोडून दिले. हा माझा अनुभव होता आणि त्या दिवशी तो अनुभवच आडवा आला.

जानेवारी २०२२ मध्ये मिठागर बंद झाले. ‘मागची भिंत पोकळ’ असे वर्तमानपत्रात छापून आले. आता न्यासाने ते पाडून नवे संकुल बांधायचे ठरवले आहे. खाली दुकाने, वर छोटे सभागृह. अंतिम ठरावाची बैठक १० मार्च रोजी आहे. ठरावाच्या मसुद्यात माझ्या अहवालातले तेच एक वाक्य आधाराला घेतले आहे.

शस्त्रक्रियेचे ठरल्यावर, कोणाला काय द्यायचे म्हणून मी रोजनिशा चाळायला घेतल्या आणि त्या नोंदीशी आले. ११ जानेवारीला, शनिवारी, हातोडी आणि छिन्नी घेऊन मिठागरावर गेले. पंढरीकाका नऊ पायऱ्यांच्या वरच्या पायरीवर बसले होते. त्यांची पत्नी मालतीबाई डबा घेऊन आली होती.

“काका, मला मागच्या भिंतीत एक भोक पाडायचंय,” मी म्हणाले.

ते डबा बाजूला ठेवून म्हणाले, “तवाच पाडायचा व्हता यक भोक.”

मालतीबाई म्हणाल्या, “चा आदी घ्या. भित काय पलून जात न्हाय.”

चहा घेतला. मग काकांनी शिडी धरली आणि मी जिथे बद्द आवाज आला होता अशी एक जागा फोडली. बोटभर गिलाव्यामागे जाळी, जाळीमागे मडक्याचे गोल तोंड. मी हात आत घातला. राख बोटांना लागली, कोरडी, चाळीस वर्षांपूर्वीच्या चुलीची. मडक्याच्या काठाला लावलेल्या चुन्यात अंगठ्याचा ठसा होता. तो मारोतींचा, की पंढरीकाकांचा, की आणखी कोणाचा, हे मला ठरवता आलेले नाही. पंढरीकाकांनी त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला.

आजूबाजूला आणखी सात ठिकाणी फोडून पाहिले. सातही ठिकाणी मडकी, भोवतीचा चुना घट्ट. पहिल्या मडक्याला मात्र माझी छिन्नी लागून काठ फुटला होता, म्हणून ते काढून घेतले. तेच कपाटातले मडके.

निघताना त्यांनी विचारले, “आता सांगनार ना, बाय?”

मी हो म्हणाले.

जाईसाठी हातोडीची अट: ती वापरताना, ठोकून जे ऐकू येईल ते लिहिण्याआधी, एक भोक पाडावे.

कलम ७. (हे कलम ५ फेब्रुवारीला लिहिले.) माझ्या मृत्यूनंतर व्यवस्थापकाने सोबतचा बंद लिफाफा न्यासाकडे पोचवावा. त्यात माझ्या अहवालातली चूक मान्य करणारे सही केलेले पत्र, आठ ठिकाणांची छायाचित्रे आणि भिंतीचे नवे रेखाचित्र आहे. इमारत निर्दोष आहे असे मी लिहिलेले नाही. पूर्वेच्या चार खांबांत खाऱ्या हवेने लोखंड गंजले आहे, त्यांची दुरुस्ती हवी. पण मागची भिंत धोकादायक नाही आणि तिच्यासाठी नाट्यगृह पाडण्याचे कारण नाही. मडके आणि या पत्राची एक प्रत श्री. पंढरी मढवी यांना द्यावी.

कलम ८. (हे १७ फेब्रुवारीला लिहीत आहे.) वरचे कलम लिहून झाले तेव्हा मला हलके वाटले, आणि मला हलके वाटले की मी सावध व्हायला हवे होते.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या दंतवैद्य डॉ. क्षिप्रा. दुसरे पंढरीकाका असावेत असे मला वाटले. काल, रविवारी, कागद घेऊन पावण्याला त्यांच्या घरी गेले. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवायचे बंधन नसते, पण मी कलम सात वाचून दाखवले. खरे सांगायचे तर ते खूश होतील असे मला वाटत होते.

त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग विचारले, “मंजे ह्यो कागद तू मेल्यावर उगडनार?”

“हो. मृत्युपत्र तेव्हाच उघडतात.”

“आनि तू कदी मरनार?”

“आवो! काय इचारता!” मालतीबाई आतून ओरडल्या.

“इचारू नको? धा मार्चला मिटिंग हाय. त्याच्या आदी मरतीस काय, बाय?”

मला हसू आले. ते फार टिकले नाही.

“तू जगली वाचली, चांगली अंशी वर्साची झाली, तवर तिथं दुकाना व्हतील,” ते म्हणाले. “मंग ह्यो मडका मना कशाला? पानी भरू?”

मी माझी अडचण सांगितली. आमच्या संस्थेच्या सरांना मी जानेवारीतच फोन केला होता. त्यांनीच मला हातोडी धरायला शिकवले. ते म्हणाले, “सुनीती, एक रिपोर्ट मागे घेतलास की बाकीचे दोनशे संशयात येतात. लोक त्या घरांत राहतायत. त्यांना काय सांगशील?” यात तथ्य आहे हे मी काकांना सांगितले. माझा परवाना जाऊ शकतो, सरांची संस्था बुडू शकते, हेही सांगितले. बोलता बोलता माझ्या लक्षात आले की मी त्यांना पुन्हा २०२१ सालचा तो राखणदारच धरून समजावते आहे.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “पेपरात आलता तवा बाप खाटंवर व्हता. शेजारी पेपर वाचत व्हता मोठ्यानं. मागची भित पोकल, काम निकृष्ट. बापानं मना हाक मारली. ‘पंढरी, कंची मागची?’ मी बोललो, ‘दुसरीकडची हाय, बाबा.’ त्याला समाजला. गवंडी व्हता तो, येडा नव्हता.” मारोती मढवी त्याच पावसाळ्यात, जुलै २०२२ मध्ये गेले.

हे मला तोवर माहीत नव्हते. कोणतेही कलम यावर लागू पडत नाही.

मी म्हणाले, “काका, मी माफी मागू का, मला कळत नाही. मागून काय होणार तेही कळत नाही.”

“माफी बापाकडं माग, मी कोन?” ते म्हणाले. “मना कागद पायजे.”

तेवढ्यात मालतीबाईंनी भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, “जेवा आदी. रिकाम्या पोटी मरनाच्या गोष्टी नको.” आम्ही जेवलो. जेवताना काकांनी साक्षीदाराबद्दल विचारले. मी त्यांना तेजसचे म्हणणे सांगितले: ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, उद्या कोणी खुसपट काढते.

“मंजे मडका घ्यायचा तं सही न्हाय. सही करायची तं मडका न्हाय.”

“तसंच काहीसं.”

“मंग माजा नाव काड त्यातना. मडका आताच दे. कागद आताच दे त्यांना. मंग सही करतो.” आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता: “आनि तू मरू नको येवड्यात. खांबांचा काम बी तुलाच बघायचा हाय.”

कलम ९. (२१ फेब्रुवारी.) कलम सात मी रद्द करते. ते करून झाले आहे.

आज सकाळी लिफाफा घेऊन न्यासाच्या कार्यालयात गेले. कारकुनाने पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, मग पुन्हा पहिले पान काढले. “मॅडम, हे तुमच्याच रिपोर्टच्या विरोधात आहे.”

“हो.”

“मग नोंदवहीत अर्जदार कोण लिहू? आणि विरुद्ध कोण?”

“दोन्हीकडे माझंच नाव लिहा.”

त्याने तसेच लिहिले आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारला. ती प्रत या मृत्युपत्राला जोडली आहे. १० मार्चला ते काय ठरवतील मला माहीत नाही. माझे पत्र येऊनही ते इमारत पाडू शकतात. तसा त्यांना अधिकार आहे. पण त्यांना आता माझे ते वाक्य वापरता येणार नाही.

सरांना संध्याकाळी भेटून सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, “किती रिपोर्टांत नुसतं ठोकून लिहिलंयस?” मी सांगितले, अकरा. त्या अकरा इमारतींची यादी पुरवणीत आहे. मी राहिले तर त्या पुन्हा तपासेन, एकेक भोक पाडून. न राहिले तर आमच्या संस्थेने तपासाव्यात अशी माझी विनंती आहे. सर ‘बघू’ म्हणाले. तो शब्द मी ओळखते, म्हणून लेखी घेतले.

परतताना पावण्याला थांबून मडके पंढरीकाकांच्या हातात दिले. त्यांनी ते कानाला लावले, बोटाने टिचकी मारली आणि मालतीबाईंच्या कानाला लावले. “काय ऐकाचा?” त्या म्हणाल्या. “काय नाय,” काका म्हणाले, “तेच तं.”

आता या मृत्युपत्राने पंढरी मढवी यांना काहीही मिळत नाही, म्हणून ते साक्षीदार होऊ शकतात. उद्या डॉ. क्षिप्रांना घेऊन सह्यांसाठी त्यांच्या घरी जाणार आहे.

कलम १०. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. माझे डोळे दान करावेत. बाकी जे आशुतोषला सोयीचे वाटेल ते.

हे अकरा पानांचे लिखाण मी तीन आठवड्यांत, थांबत थांबत पूर्ण केले. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. जिथे खाडाखोड आहे तिथेही सही आहे, कारण काय खोडले ते वाचणाऱ्याला दिसावे. मला जे देता येते ते वर दिले. जे माझे नव्हते ते जिवंतपणी परत केले.

ठिकाण: पावणे, नवी मुंबई
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२५

(सही) सुनीती जयप्रकाश आंबर्डेकर

आम्ही खाली सह्या करणारे, वरील बाईंनी या कागदावर आमच्यासमोर सही केली हे डोळ्यांनी पाहून, त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर साक्ष म्हणून सही करतो.

साक्षीदार १
(सही) डॉ. क्षिप्रा कुंटे, दंतवैद्य, रा. करंजाडे

साक्षीदार २
(सही) पंढरी मारोती मढवी, ~~राखणदार~~ गवंडी, रा. पावणे

(साक्षीदार क्र. २ यांच्या व्यवसायातील दुरुस्ती त्यांच्या सांगण्यावरून केली. ‘मारोती’ हे नावही आधी लिहायचे राहिले होते, ते त्यांनी स्वतःच्या हाताने मध्ये घातले. दोन्ही दुरुस्त्या मला मान्य. — सु. ज. आंबर्डेकर)